पोर्टमास्तर

“फाईल पाठवली” असं म्हटलं की परभणीतला कोणीही सभ्य माणूस “बरं” म्हणतो आणि विषय बदलतो. पोर्टमास्तर चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, “पोच?”

मुळात ते पोस्टमास्तर. जिल्ह्यातल्या चार-पाच गावांच्या पोस्टांत शिक्के मारून निवृत्त झाले आणि परभणीत घर बांधून राहिले. पोस्टाचं पोर्ट त्यांच्या मुलानंच केलं, आणि गावानं ते लगेच मंजूर केलं. कारण त्यांच्या बोलण्यात पोर्ट एकवीस आणि पोर्ट बावीस इतक्या सहज येतात, जसे आमच्या बोलण्यात वसमत रोड आणि जिंतूर रोड.

या नादाला लावण्याचं पाप माझं. आमच्या वाचनालयाची वेबसाइट एका मुलानं करून दिली आणि नोकरी लागताच तो पुण्याला गेला. जाताना कार्यवाह म्हणून माझ्या हातात एक चिठ्ठी ठेवली. तिच्यावर सर्व्हरचा पत्ता, युजरनेम, पासवर्ड आणि शेवटी ‘पोर्ट २१’. आमच्या खजिनदारांना वाटलं, एकवीस ही हप्त्याची तारीख. बैठकीत चिठ्ठी सगळ्यांच्या हातून फिरली आणि मास्तरांपाशी थांबली.

“यात न कळण्यासारखं काय हाय, सर? पाकिटावर असतंय तेच हाय. गाव, नाव, खूण आन् दार. दार नंबर एकवीस.”

दुसऱ्या दिवशी शेजारच्या पोराकडून त्यांनी फाईलझिला नावाचा प्रोग्राम टाकून घेतला. त्यात डावीकडे आपल्या कॉम्प्युटरवरच्या फायली, उजवीकडे सर्व्हरवरच्या. इकडची उचलायची, तिकडे सोडायची. सगळं जग एवढंच बघतं. पण त्या खिडकीत वरच्या अंगाला बारीक अक्षरांत दोन यंत्रांचा संवाद चाललेला असतो. तो कोणी वाचत नाही. मास्तर तेवढाच वाचतात. २२० म्हणजे दार उघडलं, बोला. ३३१ म्हणजे नाव कळलं, आता पासवर्ड. २३० म्हणजे या आत. ५३० म्हणजे प्रवेश नाही. ५५० म्हणजे फाईल नाही, किंवा असली तरी तुम्हाला नाही. आणि फाईल संपूर्ण पोचली की २२६. हा आकडा दिसल्याशिवाय मास्तर खुर्चीवरून उठत नाहीत, मग त्यांच्या पत्नी, आमच्या मामी, ताटावर कितीही हाका मारोत.

ही भाषा घरात शिरायला महिना लागला नाही. मास्तरांनी बाहेरून बेल वाजवली की आतून मामी विचारतात, “कोण?” “मी.” “तीनशे एकतीस. कोथिंबीर आणली का?” नसेल आणली तर पाचशे तीस. जेवणानंतर दुसऱ्यांदा गुळाची पोळी मागितली की पाचशे पन्नास. पोळी असते, परवानगी नसते. मामींना कॉम्प्युटर सुरूही करता येत नाही, पण या आकड्यांत त्या आजवर चुकलेल्या नाहीत.

पहिला अपघात अध्यक्षांच्या फोटोचा. मास्तरांनी तो मोठ्या भक्तिभावानं चढवला, २२६ आला, आणि वेबसाइटवर अध्यक्ष नाकापर्यंत ठीक, खाली नुसते हिरवे-करडे पट्टे. अध्यक्षांना विरोधकांचा डाव वाटला. खरं कारण असं होतं: एफटीपीत, म्हणजे फाईल पाठवण्याच्या या नियमांत, पाठवायच्या दोन रीती. मजकुराच्या रीतीनं पाठवली, तर वाटेत ओळ संपल्याच्या खुणा तिकडच्या पद्धतीप्रमाणे बदलून दिल्या जातात. मजकुराला ते सोयीचं. पण फोटोत ओळी नसतात. त्यातले तसल्या खुणांसारखे दिसणारे आकडेही यंत्र इमानेइतबारे बदलून टाकतं. फोटो बायनरी रीतीनं, म्हणजे जसाच्या तसा जावा लागतो. मास्तरांना हे कळलं तेव्हा ते दिवसभर गप्प होते. संध्याकाळी म्हणाले, “पोच आली, पण माल फुटलेला. म्हणजे पार्सल हलवून बघायला पायजे.” तेव्हापासून ते २२६ नंतर दोन्हीकडचे फाईलचे बाइट जुळवून बघतात. वहीत नोंद, समोर सही. सही स्वतःचीच.

मग एक आठवडा असा आला की आत प्रवेश मिळायचा, पण फायलींची यादी काही यायची नाही. एफटीपीचं हे एक जुनं दुखणं आहे. बोलणं एका वाटेवर आणि माल दुसऱ्या वाटेवर. पूर्वीच्या चालीत मालाची वाट सर्व्हर स्वतःहून तुमच्या घरापर्यंत काढतो, आणि आताच्या घरोघरच्या राउटरला बाहेरून येणारा अनोळखी पाहुणा चालत नाही. तो दारातूनच हाकलतो. यावर उपाय ‘पॅसिव्ह’. हा मास्तरांनी मला वाड्याच्या भाषेत समजावला: “आपण म्हणायचं, तुम्ही येऊ नका, आमचा दरवान लई खडूस हाय. कुठल्या दारानं येऊ ते सांगा, दोन्ही खेपा आमच्याच.” मी असं ऐकलंय की यावर अभियंत्यांची पुस्तकं आहेत. असतील.

वाचता वाचता एक दिवस त्यांना अभय भूषण सापडले. अलाहाबादचा मुलगा, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून १९६५ साली बाहेर पडला, अमेरिकेत एमआयटीला गेला आणि एप्रिल १९७१मध्ये त्यानं फाईल पाठवण्याच्या या नियमांचा पहिला मसुदा लिहिला. मास्तर सायकल काढून थेट माझ्याकडे आले. “सर, आपलं कृषी विद्यापीठ मे १९७२चं. एफटीपी त्याच्यापेक्षा वर्षानं थोरलं! आन् पिनकोड कुणाचा? वेलणकरांचा, आपल्या मराठी माणसाचा, १५ ऑगस्ट १९७२.” श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी आणि टपाल खात्यातले अधिकारी, त्यामुळे ते मास्तरांच्या देवघरात आधीपासूनच होते. आता शेजारी भूषण आले. एकानं ४३१४०१ दिला, दुसऱ्यानं फाईल पाठवायचे नियम. दीड वर्षाच्या आत दोन्ही, आणि मास्तरांचा अख्खा जन्म त्या दोघांच्या मधोमध.

म्हणूनच पुढचा धक्का त्यांना जास्त लागला. साध्या एफटीपीत युजरनेम आणि पासवर्ड उघडेच जातात. वाटेत कान लावून बसलेल्या कोणालाही वाचता येतात. “म्हणजे पोस्टकार्ड!” मास्तर ओरडले. “मी दोन वर्षं वाचनालयाची किल्ली पोस्टकार्डावर लिहून पाठवायलो!” पोस्टकार्ड वाटेत कोण कोण वाचतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्यांनी तपशील सांगितला नाही, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

औषध फिनलंडमधून आलं. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर १९९५मध्ये कोणीतरी असेच पासवर्ड चोरले, तेव्हा तिथल्या तातू युलोनन यानं कुलूपबंद वाट तयार केली: एसएसएच. २१ एफटीपीचा, २३ टेलनेटचा, मधला २२ रिकामा. त्यानं मेल टाकून तो मागितला आणि दुसऱ्या दिवशी मिळाला. “दुसऱ्या दिवशी!” मास्तर म्हणाले. “आन् आपल्याकडं नळाचं कनेक्शन...” वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. या वाटेनं फायली नेणारं ते एसएफटीपी. नावात एफटीपी असलं तरी घराणं वेगळं. भूषणांवर अन्याय नको म्हणून मास्तर याला भेंडीचं उदाहरण देतात: जुनं वाण वाईट नव्हतं, पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा रोग फार झाला, मग आपल्या विद्यापीठानं रानभेंडीशी संकर करून ‘परभणी क्रांती’ काढली. एसएफटीपी ही फायलींची परभणी क्रांती.

आता खरी गोष्ट. एसएसएचनं पहिल्यांदा जोडणी करताना समोरचा सर्व्हर आपला ठसा दाखवतो, त्रेचाळीस अक्षरांचा, आणि पडद्यावर प्रश्न येतो: हाच तो सर्व्हर याची खात्री नाही, पुढे जायचं का? सगळी दुनिया डोळे मिटून ‘हो’ म्हणते. खात्री दुसऱ्या वाटेनं करून घ्यावी, असं शास्त्र सांगतं. पण शास्त्रानं सांगितलेलं करणारा माणूस मी एकच पाहिला. मास्तरांनी सर्व्हरवाल्या कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीला आधी वाटलं, बिलाची तक्रार आहे.

“तक्रार नाई, बाई. ठसा जुळवायचाय. तुम्ही वाचा, मी टिक करतो. कामून म्हणजे? उद्या माझ्या दारात कोणी खाकी घालून आला तर मी त्याला पोस्टमन समजू का?”

तिनं वरच्यांना विचारलं, वरच्यांनी आणखी वरच्यांना. वीस मिनिटांनी ठसा आला आणि वाचन सुरू झालं. अडचण अशी की या ठशात मोठी आणि लहान लिपी वेगळी मोजतात. मास्तरांनी जागच्या जागी नियम केला. “पी? कोणता, मोठा पालम का लहान पालम? लहान. बरं. जे, मोठा जिंतूर. एस... सेलू का सोनपेठ ते ऱ्हाऊ द्या, दोन्ही एसच. मोठा का लहान?” ती मुलगी कुठल्या प्रांतातली होती कोण जाणे, पण तिसाव्या अक्षराला ती स्वतःहून म्हणाली, “लहान मानवत.” त्रेचाळिसाव्याला दोघांनी एकदमच सुस्कारा टाकला. मास्तरांनी तिचे आभार मानले आणि विचारलं, “हे जुळल्याचं लेखी मिळंल का?”

त्यांच्या मुलाला या सगळ्याची गंमत वाटते आणि थोडी शरमही. तो ठाण्याला नोकरी करतो. त्याच्याकडे एक कळ दाबली की चारशे फायलींतल्या बदललेल्या तेवढ्याच आपोआप जातात. बापलेकांचा एकच करार आहे: देवगिरी एक्स्प्रेसनं परत गेला की पोचल्यावर त्यानं निरोप धाडायचा. मुलाला दर वेळी तेच लिहायचा कंटाळा. म्हणून २२६ हा आकडा दोघांत ठरला.

दिवाळी झाली आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी दूध घेऊन येत होतो, तर मास्तर फाटकातच उभे. दोन्ही हातांत दोन फोन, एक त्यांचा आणि एक मामींचा. एकावर मुलाचा निरोप, सातच्या ठोक्याला आलेला: २२६. दुसऱ्यावर गाड्या कुठे आहेत ते दाखवणारं ॲप.

“बगा सर. गाडी इगतपुरीला उभी हाय, दोन तास लेट. आन् पोच आली!”

मला उलगडेना.

“यंत्राला सांगून झोपलाय. सात वाजले की पोच धाड म्हणून.” त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी खोटा शिक्का पकडणाऱ्या माणसाचीच असावी. मग चष्मा कपाळावर चढवला, एका बोटानं उत्तर टाईप केलं आणि फोन खिशात ठेवला.

“काय लिहिलंत?”

“पाचशे तीस.”