गृहस्थाश्रमातील घोडा : स्वरूप, लक्षणे व मर्यादा

मराठी मुलखाला व्यायामशास्त्र नवे नाही. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला; मल्लखांबाच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय बाळंभटदादा देवधरांकडे जाते. परंतु रोज संध्याकाळी सोफा ते स्वयंपाकघराचे दार या मार्गावर जो व्यायाम घडतो, त्या घोडा-घोडा प्रकाराकडे विद्वानांनी पाठ फिरवली आहे. पाठ फिरवल्यावर वर कोण चढून बसते, हे बहुधा त्यांना ठाऊक असावे.

प्रथम व्याख्या. घोडा म्हणजे नुकताच घरी आलेला, मोजेही न काढलेला आणि चहा कपात ओतला जात असतानाच जमिनीवर उतरवला गेलेला पालक. (घोडी असल्यास ओढणी आधी खोचून घ्यावी.) स्वार म्हणजे अडीच ते पाच वर्षांचे अपत्य. लगाम म्हणजे टी-शर्टचा गळा. तो मागून ओढला की पुढून आवळतो. हा थांबण्याचा इशारा की पळण्याचा, हे स्वार त्या त्या वेळी ठरवतो. खिंकाळणे सक्तीचे आहे. एका फेरीला खिंकाळून दुसरीला टाळाटाळ केली, तर स्वार खाली उतरून घोड्याच्या तोंडासमोर येतो आणि फेरी पहिल्यापासून घ्यायला लावतो.

आता पूर्वपक्ष. काही जण म्हणतात : चटई अंथरावी, मुलाला समोर उभे करावे, आपण करून दाखवावे, त्याने पाहून करावे. हे मत टिकत नाही. सूर्यनमस्कार घालताना पालक पर्वतासनात गेला रे गेला, की मुलाच्या लेखी तो गुरू उरत नाही, बोगदा होतो. मूल झुकझुक करत आत शिरते, पलीकडून निघते, शिट्टी देते आणि परतीची गाडी सोडते. श्वासापुरता धरायचा पर्वत मग सगळे वेळापत्रक संपेपर्यंत धरावा लागतो. पुढे भुजंगासनात पाठ रिकामी दिसते, आणि रिकामी जागा दिसूनही न बसणे हा मुंबईत वाढणाऱ्या मुलाचा स्वभाव नव्हे. यावरून सिद्धांत असा : मुलाला पालक मास्तर म्हणून नको असतो, सामान म्हणून हवा असतो. ज्या घरात पालकाने सामान होणे पत्करले, तिथे व्यायामाला बोलवावे लागत नाही; थांबवावे लागते.

शंका : अशाने पालकाला व्यायाम घडतो का? समाधानार्थ ग्रीक मल्ल मायलोची कथा घ्यावी. तो रोज एक वासरू उचलत असे. वासराचा बैल झाला तोवर मायलोही बैल उचलण्याजोगा झाला. आपल्याकडे निसर्गाने हीच सोय घरपोच केली आहे. बाळाचे जन्माचे वजन पाचेक महिन्यांत दुप्पट, वर्षभरात तिप्पट होते. जिममध्ये वजनाची तबकडी वाढवायला कुणाला तरी सांगावे लागते, इथे ती वरणभात खाऊन आपली आपण वाढते. फरक एवढाच की मायलोचे वासरू खाली ठेवल्यावर "अजून एकदा" म्हणत नसे.

"अजून एकदा" हेच या शास्त्राचे मूळ एकक आहे. जागतिक आरोग्य संघटना तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसाला किमान 180 मिनिटे हालचाल सांगते, त्यातली 60 मिनिटे जोमाची. प्रौढांना मध्यम व्यायाम आठवड्याला किमान 150 मिनिटे. म्हणजे मुलाचा रोजचा रतीब पालकाच्या आठवड्याच्या कोट्यापेक्षा अर्ध्या तासाने जास्त! त्यातून 2018 साली ‘फ्रंटियर्स इन फिजिऑलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आठ ते बारा वर्षांचे मुलगे तपासले गेले. दमण्याला दाद न देण्यात आणि दमल्यावर पुन्हा ताजेतवाने होण्यात ते सराव केलेल्या खेळाडूंच्या पंगतीत बसले. साध्या प्रौढांची गत काय झाली, हे घोड्यांना सांगायला नको.

तेव्हा घोडा सवलत मागतो. शिवाशिवीत धाकट्यांना कच्चे लिंबू करतात : पळायचे सगळ्यांबरोबर, पण राज्य यायचे नाही. हा दर्जा पालकाला मिळावा, असा अर्ज प्रस्तुत लेखकाने गादीवर आडवे पडून केला होता. स्वाराने तो गादीची गुहा करून निकालात काढला.

आजोबांचा प्रश्न वादग्रस्त आहे. गुडघ्यांमुळे ते घोडा म्हणून बाद. सबब त्यांना खुर्चीसकट ‘पागा’ म्हणून नेमावे, असा एक मतप्रवाह दिसतो. घोडा पागेपाशी आला की त्यांनी केळे सोलून द्यायचे. केळे कुणी खायचे, याबद्दल घराघरांत रूढी निराळ्या आहेत. आमच्याकडे ते स्वार खातो. साल घोड्यापुढे धरली जाते, आणि "खा ना, घोडा खातो" असा आग्रह होतो.