आखणीकर

‘कुठेतरी जाऊ या’ हे वाक्य मित्रमंडळींच्या बैठकीत साधारण दुसऱ्या चहाला निघतं. सगळे उत्साहाने माना डोलावतात, दोघे-तिघे ‘अगदी, अगदी’ म्हणतात आणि कप विसळले जाईपर्यंत सहल वारलेली असते. बैठकीत आखणीकर असेल तर मात्र तसं होत नाही. तो मान डोलावत नाही. खिशातून फोन काढतो आणि विचारतो, “तारीख?”

आखणीकर हे त्याचं खरं आडनाव नव्हे, ते आम्ही बहाल केलेलं आहे. आमचं टोळकं इंग्लंडात म्हणून हाही इंग्लंडात. एरवी हा माणूस डोंबिवलीपासून ड्युसेलडॉर्फपर्यंत कुठेही सापडतो. मंडळाच्या गणपतीत आरत्यांचा क्रम छापून वाटणारा तोच आणि लग्नात ‘दुसरी पंगत पावणेदोनला बसेल’ असं यजमानांच्या आधी सांगणारा तोच. त्याला कोणी नेमलेलं नसतं. तो स्वयंभू असतो.

त्याच्या विरुद्ध टोकाला आमचा बिनधास्त. ‘जाऊन बघू’ हे त्याचं ब्रीद. आखणीकरची सगळ्यात जास्त थट्टा तोच करतो. ‘आजवर मी कधी काही बुक केलं नाही आणि माझं कधी काही अडलं नाही,’ असं तो अभिमानाने सांगतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तो दर वेळी आखणीकरबरोबर जातो.

मे महिन्यातल्या जोडून आलेल्या सुट्टीत कुठे जायचं यावर सर्वानुमते ठराव झाला, तो असा: हिरवंगार हवं, डोंगर हवा, समुद्र हवा, फार लांब नको, फार महाग नको, मुलं कंटाळायला नकोत आणि गुडघे दुखायला नकोत. इतक्या अटी हल्ली लग्नासाठी स्थळ बघतानाही कोणी घालत नाही. दोन दिवसांनी आखणीकरचं उत्तर आलं: मदेइरा. बेट पोर्तुगालचं, पण पोर्तुगालपेक्षा मोरोक्कोला जवळ. लंडनहून थेट विमान, चारेक तास.

“अझोर्स का नको? तेही पोर्तुगालचंच, तेही हिरवंच,” बिनधास्त म्हणाला. त्याने ते नाव त्याच सकाळी ऐकलं होतं.

“ती नऊ बेटं आहेत,” आखणीकर शांतपणे म्हणाला. “लाँग वीकएंडला उरकायला ते अष्टविनायक नव्हेत.”

“आणि मदेइरा केवढं?”

“५७ किलोमीटर लांब, २२ रुंद.”

“मग अर्ध्या दिवसात होईल की!”

या वाक्यावर आखणीकरच्या चेहऱ्यावर जे कारुण्य आलं, ते फक्त गणिताच्या शिक्षकांच्या चेहऱ्यावर येतं. “तिथे अंतर आडवं मोजायचं नसतं, उभं मोजायचं. पिको रुइवो १८६२ मीटर. आपलं कळसूबाई १६४६. आणि कळसूबाईच्या पायथ्याशी अटलांटिक नाही.”

त्यानंतर एक्सेल शीट आली. शीटला टॅब होते आणि टॅबना रंग. ठिकाण, अंतर, चढ, पार्किंग, स्वच्छतागृह, शाकाहारी काय मिळेल, ढग असल्यास पर्याय, ढग नसल्यास पर्याय. कामारा दे लोबोस या कोळ्यांच्या गावात १९५० साली चर्चिल चित्र रंगवत बसले होते; शीटमध्ये त्याची नोंद ‘चर्चिल : १० मिनिटे’ अशी होती. एका दुपारी ४.१० ते ४.४० या वेळात ‘उत्स्फूर्त भटकंती’ होती. त्यापुढे कंसात ‘पाणी सोबत घेणे’.

आम्ही या शीटवर मनसोक्त हसलो. पण आमच्यातल्या भारतीय पासपोर्टवाल्यांना शेंगेन व्हिसा लागतो, आणि व्हिसाच्या कचेरीत दिवसवार कार्यक्रम, मुक्कामाचं बुकिंग, परतीचं तिकीट आणि किमान ३०,००० युरोंचा विमा हे सगळं मागतात. जगाच्या पाठीवर हे एकच ठिकाण असं असेल, जिथे काउंटरपलीकडचा माणूस आखणीकरला आपणहून म्हणाला, “तुमचा कार्यक्रम दाखवता का?” आखणीकरने सर्वांचे कागद त्याच्यापुढे ठेवले. त्याने चाळले आणि शिक्का मारण्याआधी एकवार मान वर करून पाहिलं. कदर झाल्याचा तो क्षण आखणीकर अजून सांगतो.

सहावा टॅब मात्र कळेना. त्याचं नाव होतं ‘पोर्तो सांतो’.

“हे कुठे आलं मध्येच?”

“शेजारचं लहान बेट. विमान तिकडे वळवलं तर असावं म्हणून.”

मग त्याने विमानतळ समजावून सांगितला. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये सपाट जागाच नाही, म्हणून २००० साली धावपट्टी वाढवली ती समुद्रावर काँक्रीटचे प्रचंड खांब उभारून. डोंगरावरून वारा वेडावाकडा येतो. इथे उतरायला वैमानिकांना वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. वारा फार झाला की विमानं घिरट्या घालतात आणि दुसरीकडे जातात. सहाव्या टॅबमध्ये पोर्तो सांतोचा नऊ किलोमीटरचा सोनेरी किनारा होता, कोलंबसच्या नावाचं घर-संग्रहालय होतं, मदेइराची राजधानी फुंशालला येणाऱ्या बोटीच्या वेळा होत्या आणि उलटी होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळीचं नावही होतं. आयत्या वेळी कोणाला काय लागेल ते सगळं होतं. फक्त ती आयती वेळ यायची होती.

तेवढ्यात त्याला वेबकॅम सापडले आणि वहिनींना नवरा दिसेनासा झाला. मदेइराची गंमत अशी की, ईशान्येचे वारे ओल घेऊन येतात आणि मधल्या डोंगररांगेला थडकतात. त्यामुळे उत्तरेला ढग आणि पाऊस, तर त्याच वेळी दक्षिणेला फुंशालमध्ये लोक टोप्या घालून आइस्क्रीम खातात. पिको दो आरिएरो, १८१८ मीटर, कधी ढगात तर कधी ढगांच्याही वर. हे सगळं कॅमेऱ्यावर घरबसल्या दिसतं. आखणीकर महिनाभर ऑफिसच्या मीटिंगमध्ये एका खिडकीत बॉसचा चेहरा आणि दुसरीत आरिएरोचं शिखर ठेवून बसायचा. “घरातलं दूध उतू गेलेलं दिसत नाही, आणि तिकडचा ढग किती वाजता हलला ते तोंडपाठ,” वहिनी म्हणायच्या.

शेवटी आम्ही निघालो. विमान बेटाजवळ आलं तसा तो खिडकीला नाक लावून समुद्रावरच्या पांढऱ्या लाटा पाहू लागला. विमान जरा हललं. आम्ही डोळे मिटले, त्याने उघडले. आणि पहिल्याच प्रयत्नात, ठरल्या वेळेला, चाकं अलगद टेकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फक्त आखणीकर पट्टा न सोडता बसून राहिला होता. सहावा टॅब वाया गेला होता.

पुढचं सगळं ठरल्याबरहुकूम झालं असं म्हणता येणार नाही, पण ज्या क्रमाने बिघडलं तो क्रम शीटमध्ये होता. काबो जिरांवला ५८० मीटर उंच कड्याच्या टोकावर काचेची गच्ची आहे. बिनधास्त त्या काचेवर पाऊल ठेवेना. रेलिंग धरून तो म्हणाला, “मला इथूनच छान दिसतंय.” शीटमध्ये या थांब्यापुढे ‘मन वळवणे : १५ मिनिटे’ असं आधीच लिहिलेलं होतं; नाव तेवढं सौजन्याने गाळलं होतं.

फुंशालच्या वरच्या माँत वस्तीतल्या वेताच्या घसरगाड्यांना आखणीकरने रांगेचा वेळ धरला होता, पण हसण्याचा धरला नव्हता. पांढरे कपडे, गवती हॅट आणि रबरी तळव्यांचे बूट घातलेले दोघे कारेइरो टोपलीवजा गाडी उतारावर ढकलून देतात आणि दोन किलोमीटर खाली, भर रस्त्यातून, तुम्ही लाकडी पट्ट्यांवर घसरत जाता. ब्रेक म्हणजे त्यांचे बूट. एकोणिसाव्या शतकात वरच्या वस्तीतले लोक असेच गावात उतरत. आखणीकर खाली पोहोचला तेव्हा त्याचे केस विस्कटलेले होते आणि तो लहान मुलासारखा ‘परत, परत’ म्हणत होता. वहिनींनी घड्याळ दाखवलं. एवढ्यानेच तो भानावर आला.

जेवणाच्या टॅबवर मालवणच्या मंडळींनी हरकत घेतली. तिथे खोल समुद्रातला एस्पादा हा काळा, लांबलचक मासा तळून त्यावर केळं ठेवून देतात. “माशार केळा?” असा मालवणी हुंदका ऐकू आला. पण ताटं पुसून परत गेली. शाकाहाऱ्यांना मक्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या आणि लसूण-लोणी लावलेला गरमागरम बोलो दो काको हा गोल पाव मिळाला. त्यांनी तिन्ही त्रिकाळ तोच खाल्ला आणि एकदाही कुरकूर केली नाही. टोळक्याच्या इतिहासात हे प्रथमच घडलं.

मग आरिएरोची पहाट. आदल्या रात्री अकराला त्याने कार्यक्रम फिरवला: “परवा नाही, उद्याच पहाटे. परवा ढग वर चढणार.” शिव्या घालत आम्ही अंधारात गाडीत बसलो. वर पोहोचलो तेव्हा पायाखाली ढगांचा समुद्र पसरला होता, त्यातून सुळके बेटांसारखे वर आले होते आणि सूर्य उगवत होता. सगळे गप्प. मग बिनधास्त भारावून म्हणाला, “यार, काय सहज जमून आलं!”

आखणीकर त्याच्याकडे बघून हसला. त्याने काहीही म्हटलं नाही. महिनाभर त्याने मीटिंगमध्ये खाल्लेल्या शिव्या त्या ‘सहज’ शब्दाखाली गाडल्या गेल्या.

वेळापत्रक खऱ्या अर्थाने मोडलं ते त्यानंतर, आणि ते मोडलं आखणीकरनेच. उतरताना रिबेइरो फ्रियोला बाल्कोइंशची छोटी पायवाट होती. सोपी, सपाट, शेवटच्या गच्चीवर चाफिंच पक्षी खाऊसाठी अगदी हाताजवळ येतात. बाजूला १९९९ पासून युनेस्कोच्या यादीत असलेलं लॉरेलचं जुनं जंगल. पानं धुक्यातलं पाणी झेलतात, पाणी मातीत मुरतं, झऱ्यांतून निघतं आणि लेवादांतून वाहतं. लेवादा म्हणजे पाट. पंधराव्या शतकात उसासाठी ओल्या उत्तरेकडून कोरड्या दक्षिणेकडे पाणी न्यायला सुरुवात झाली. माणसं दोरांना लटकून कडे खोदत गेली. आता हे पाट सगळे मिळून २,००० किलोमीटरच्या वर भरतात, आणि त्यांच्या कडेची वाट हीच तिथली भटकंतीची वाट.

इथवरचं शीटमध्ये होतं. पण वाटेतल्या एका माहीतगाराने सांगितलं की, या पाटांवर लेवादेइरो असतो. कोणाच्या मळ्याला किती तास पाणी, कोणत्या दिवशी, रात्री किती वाजता, हे सगळं ठरलेलं; तो दार उघडणार, तो लावणार. आखणीकर जागच्या जागी थांबला. “म्हणजे आपला पाटकरी!” तो नगर जिल्ह्यातला. आजोबांच्या मळ्यात रात्री दोनची पाळी असायची, कंदील घेऊन जावं लागायचं. त्याचे प्रश्न संपेनात. दुष्काळात पाळी कशी बदलतात? एकाने दुसऱ्याचं पाणी चोरलं तर? तंटा कोण सोडवतं? शेकडो वर्षं एका अख्ख्या बेटाने तासातासाचं वेळापत्रक पाळलं, केळीच्या बागा आणि द्राक्षांचे मळे त्यावर उभे राहिले, आणि पर्यटक त्यालाच निसर्ग म्हणून फोटो काढत होते!

आम्ही घड्याळं दाखवली, मुलांनी भूक दाखवली. वेळापत्रकाचं कौतुक करण्यात आखणीकरने वेळापत्रकाचा पार बोऱ्या वाजवला. दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याच्या घरातल्या न्हाणीघराच्या दारावर कागद चिकटवलेला होता. वर मोठ्या अक्षरांत ‘पाणीपाळी’. प्रत्येक कुटुंबाला वीस मिनिटं, बिनधास्तला शेवटची पाळी. गरम पाणी पहिल्यांदाच सर्वांना पुरलं.

शेवटच्या संध्याकाळी फुंशालला वाइनच्या एका जुन्या वखारीत गेलो. तिथली कथा बिनधास्तला फार आवडली. पूर्वी इथली पिंपं जहाजांतून हिंदुस्थानाकडे जायची. उष्ण समुद्रांतून जाता-येता तळघरात ती शेकून निघायची, आणि विकली न जाता परत आलेल्या वाइनची चव चक्क सुधारलेली असायची.

“बघ!” बिनधास्त पेला उंचावून म्हणाला. “या बेटाची सगळ्यात नामी गोष्ट चुकून झाली. कोणी शीट बनवली नव्हती.”

“पहिल्यांदा चुकून,” आखणीकर म्हणाला. “नंतर लोक मुद्दाम पिंपं फिरवून आणायला लागले. मग हिशेब केला, तेव्हा कळलं की फिरवण्यापेक्षा वखारीतच तापवणं स्वस्त. चूक एकदाच होते रे. दुसऱ्यांदा तीच चव हवी असेल तर कोणीतरी लिहून ठेवावं लागतं.”

बिनधास्तने उत्तर दिलं नाही, पण परत आल्यावर तो ऑफिसात मदेइराचा अधिकारी माणूस झाला. कोणीही विचारलं की तो म्हणायचा, “अरे, मी सांगतो ना!” आणि शीट पाठवून द्यायचा. वरचं आखणीकरचं नाव पुसून. एका सहकाऱ्याला पाठवताना त्याने शीट जरा सुटसुटीतही केली: उत्स्फूर्त भटकंती तशीच ठेवली, सहावा टॅब उडवला. कोण जातंय पोर्तो सांतोला!

सहकारी सहकुटुंब निघाला. फुंशालवर वारा सुटला होता. विमानाने घिरट्या घातल्या आणि तोंड फिरवलं.

रात्री बिनधास्तने आखणीकरला फोन लावला. आधी हवापाण्याचं विचारलं, मग चाचरत मुद्द्यावर आला. पलीकडून लग्नघरासारखी लगबग ऐकू आली. खुर्ची सरकली, लॅपटॉप उघडला.

“कुठे उतरवलं? पोर्तो सांतोलाच ना? नक्की?” आखणीकरचा आवाज आनंदाने कापत होता. “किती माणसं आहेत? लहान मूल किती वर्षांचं? थांब, बोटीची वेळ बघतो. आणि त्यांना सांग, गोळी बोटीत बसायच्या आधी घ्यायची.”