गल्ल्याखालची पिशवी

महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशवीवर बंदी आहे. राज्यात नव्याने राहायला आलेल्यांसाठी हे मुद्दाम लिहिलं, कारण मंडईत फेरफटका मारून ते कळण्यासारखं नाही. 23 मार्च 2018 ला अधिसूचना निघाली, साठा संपवायला तीन महिने मिळाले आणि 23 जूनपासून कारवाई सुरू झाली. पहिल्यांदा सापडलात तर पाच हजार, दुसऱ्यांदा दहा, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि वर तीन महिने कैद. चेन ओढणारासुद्धा कधीकधी स्वस्तात सुटतो.

तेव्हापासून पिशवीचा भाव वधारला. पूर्वी ती खिळ्याला लटकायची आणि न मागता दोन मिळायच्या. आता ती गल्ल्याखाली, पोत्याआड, नाहीतर मावशींच्या मांडीखाली असते. "पिशवी आहे का हो?" असं विचारलं की मावशी आधी डावीकडे बघतात, मग उजवीकडे, मग तुमच्या पायांकडे. (पथकातला माणूस बूट घालतो, असा मंडईचा अनुभव आहे.) चप्पल दिसली की जीव भांड्यात पडतो. "बंद झाल्यात ताई, पाच हजार दंड आहे," असं बजावत बजावतच वांगी पिशवीत जातात.

केंद्र सरकारची तऱ्हा वेगळी. तिथे पिशवीवर राग नाही, तिच्या रोडपणावर आहे. 1999 साली किमान 20 मायक्रॉन, 2011 ला 40, 2016 ला 50, 2021 ला 75 आणि 2022 च्या अखेरीपासून 120. एवढं बाळसं सरकारी योजनेत दुसऱ्या कुणी धरलेलं नाही. हेतू मात्र चांगला होता. पातळ पिशवी कचरा वेचणाऱ्या बाईला परवडत नाही. ढीगभर गोळा केल्या तरी काटा हलत नाही. जाड पिशवीला भंगारात भाव येतो, आणि ती महाग पडत असल्याने दुकानदार फुकट वाटत नाही. फक्त मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि तो मोजायचं यंत्र मेथीच्या जुडीशेजारी ठेवायची पद्धत अजून पडलेली नाही. आपल्याकडे तर जाड-बारीक सगळ्याच पिशव्या बंद, त्यामुळे मोजण्याचीही गरज नाही. न मोजता सर्रास मिळतात.

खाण्याच्या गाड्यांवर पेच आणखी रंगतो. सांबार आणि कटिंग चहा अजूनही पिशवीत, रबर लावून, गरमागरम घरी जातात. वडापाववाला पापभीरू, त्याने प्लास्टिक सोडलं आणि वर्तमानपत्र धरलं. तर अन्नसुरक्षा प्राधिकरण म्हणालं, छापील कागदात खाद्यपदार्थ देऊ नका, शाई पोटात जाते. सल्ला रास्त आहे. पण तो सगळ्यांनी मानला तर या सदराचे निम्मे वाचक गेले.

अपराध नेमका कुणाचा, हेही पाहण्यासारखं आहे. दहा रुपयांची कोथिंबीर पिशवीत घातली की तो गुन्हा. दहा रुपयांचे वेफर्स मात्र हवेने टम्म फुगलेल्या चकचकीत पाकिटात राजरोस लटकतात, कारण कारखान्यातच केलेल्या वेष्टनाला सूट आहे. कायदा हातगाडीपर्यंत चालत येतो, कारखान्याचा जिना त्याला चढवत नाही. गुडघे दुखत असावेत. साड्यांच्या दुकानातून मिळणारी, हाताला कापडासारखी लागणारी पिशवी आपण पर्यावरण वाचवल्याच्या समाधानात घडी घालून ठेवतो, तीही पॉलिप्रॉपिलीनचीच. 2018 च्या बंदीच्या यादीत तिचंही नाव होतं.

कारवाईचा हंगाम आंब्याबरोबर येतो. 26 जुलै 2005 ला मुंबईत एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि तुंबलेल्या नाल्यांत पिशव्यांचे बोळे सापडले, तेव्हापासून पावसाळा जवळ आला की यंत्रणेला पिशवी आठवते. मग छापे, जप्ती, जप्त मालाशेजारी उभं राहून फोटो. फोटोत माल असतो, अधिकारी असतात, बिचारी भाजीवालीही असते. पिशव्या बनवणारा कधी नसतो.

तेव्हा पथकातल्या साहेबांना एकच विनंती. पुढच्या वेळी मावशींच्या मांडीखालचं बंडल ओढाल, तेव्हा दंडाची पावती फाडण्याआधी ते कुणाकडून घेतलं एवढं विचारा, आणि पहिली धाड तिथे घाला. पत्ता त्यांना तोंडपाठ आहे.