फिरते घर, घाटमार्गे

झोपणे, रांधणे आणि प्रवास एकाच गाडीत व्हावा, यासाठी महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. मराठवाड्यातला प्रकार धोरणाच्या कितीतरी आधीचा आहे: ऊसतोड मजुरांचा ट्रॅक्टर. कारखान्याचे गाळप आटोपले की तो नगरकडून इमामपूर घाट पार करून प्रवरासंगमला गोदावरी ओलांडतो आणि बिडकीन, पैठणच्या बाजूला परततो. ट्रॉलीत चूल, सरपण, पत्र्याच्या पेट्या, शेळ्या, कोंबड्या. सगळ्यांच्या वर पोरे. छप्पर नसल्याने निसर्गदर्शन चौफेर होते, उन्हासकट. एका कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, एक कोपरा मिळतो. भाडे वेगळे मोजावे लागत नाही. मुकादमाने आगाऊ दिलेली उचल फिटली नसेल, तर पुढल्या हंगामाचे आरक्षणही आपोआप होते. ते रद्द करण्याची सोय तेवढी नाही.