एकशेवीस टक्के खात्री

मराठी माणसं संस्था काढतात आणि यथावकाश ती फोडतात. पूर्वी त्यासाठी निदान सभागृह तरी भाड्यानं घ्यावं लागे. आता ते घरबसल्या होतं.

निवृत्तीनंतर पायथन शिकायचं म्हणून मी एका ऑनलाइन समूहात शिरलो. ठाणे ते कल्याण पट्ट्यातली मंडळी, फी नाही, ज्याला येतं त्यानं बाकीच्यांना शिकवायचं. नावांपेक्षा पत्ते चालत. घोडबंदरचे सर, नौपाड्याच्या ताई, आधारवाडीचा दादा. मी ‘डोंबिवली पूर्व काका’, कारण पश्चिमेचे एक काका आधीच होते.

पहिली ठिणगी मोकळ्या जागेवरून पडली. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीची रिकामी जागाही व्याकरणात धरतात. सर म्हणाले, चार स्पेस द्या. पेप-८ या नियमावलीत तसंच आहे. दादा म्हणाला, टॅब एकदा दाबला की झालं, चार-चार वेळा बोटं कोण झिजवणार? पायथन ३ टॅब आणि स्पेसची सरमिसळ चालवून घेत नाही. समूहानंही घेतली नाही. दोन तट पडले.

मी तटस्थ होतो, कारण मला माझा प्रोग्रॅम लिहायचा होता. आमच्या टिळकनगरातल्या सोसायटीत मेंटेनन्सच्या थकबाकीवर तेव्हा २१ टक्के सरळव्याज लागायचं. मी सरळ ‘थकबाकी’ आणि ‘व्याज’ अशी नावं देऊन कोड लिहिला, तो चालला, म्हणून समूहात टाकला. २००८ साली आलेल्या पायथन ३ला देवनागरी नावांचं वावडं नाही.

वावडं सरांना होतं. ट्रॅफिकमध्ये अडकल्या अडकल्या त्यांनी व्हॉइस मेसेज टाकला, “काका, हे प्रोफेशनल दिसत नाही. उद्या एखाद्या जपानी माणसाला तुमचा कोड वाचायचा झाला तर?”

“जपानी माणूस टिळकनगरातली थकबाकी कशाला बघेल, सर?”

“नियम म्हणजे नियम!”

मग मी नियम वाचले. नावं इंग्रजी अक्षरांत हवीत ही सक्ती पायथनच्या स्वतःच्या स्टँडर्ड लायब्ररीला आहे. कोडमधल्या टिपा इंग्रजीत लिहा असं इतरांना सांगितलंय, पण आपली भाषा न येणारा कुणी हा कोड वाचणार नाही याची १२० टक्के खात्री असेल तर सूटही दिलीय. आमच्या सोसायटीच्या नोटिसा मराठी येणारेसुद्धा वाचत नाहीत. मी २०० टक्के खात्री दिली.

ताईंनी समेटाचा प्रस्ताव मांडला: रविवारी सगळे तलावपाळीवर भेटू. कल्याणकर म्हणाले, दरवेळी ठाणंच का, जंक्शन आमच्याकडे आहे. ठाणेकर म्हणाले, कल्याणला बघायचं काय? एवढ्यात रविवारचा मेगाब्लॉक जाहीर झाला आणि रेल्वेनं दोन्ही पक्षांची अब्रू राखली.

पुढच्या आठवड्यात माझा प्रोग्रॅम ‘शिस्तीबाहेरचा’ म्हणून काढून टाकण्यात आला. मी समूह सोडायचं ठरवलं. पण मराठी माणूस नुसता निघत नाही; आधी कारणं देतो आणि मग लोक काय म्हणतात ते वाचायला थांबतो. माझ्या निरोपाच्या निवेदनावर अंगठे आले, हात जोडलेले आले, दादानं तर “काका, मी पण तुमच्यासोबत” लिहिलं. तो अजून तिथेच आहे.

मला धीर दिला तो खुद्द पायथनच्या जनकानं. गुइदो व्हॅन रॉसम यांना त्यांची मंडळी कौतुकानं तहहयात हुकूमशहा म्हणत. जुलै २०१८मध्ये त्यांनी ते पद सोडलं. निमित्त काय, तर कोलन आणि बरोबरचं चिन्ह जोडून केलेला एक नवा ऑपरेटर! त्यावरून इतकं रण माजलं की प्रस्ताव मंजूर करून झाल्यावर ते वैतागून बाजूला झाले. भांडण जिंकून राजीनामा देणारा माणूस मी आमच्या सोसायटीतही पाहिलेला नाही. वारस त्यांनी नेमला नाही, पुढचं तुम्हीच ठरवा म्हणाले. २०१९मध्ये पाच जणांचं मंडळ निवडून आलं. म्हणजे फिरून फिरून तिथेही मॅनेजिंग कमिटीच!

पण गुइदोंनी पद सोडलं, पायथन नाही. २०२०मध्ये ते मायक्रोसॉफ्टमध्ये रुजू झाले आणि पुढे पायथनचा वेग वाढवण्याच्या कामाला लागले. मीही समूह तेवढा सोडला. प्रोग्रॅम दर महिन्याच्या एक तारखेला चालतो, नावं अजून मराठीच आहेत आणि व्याज पैशापर्यंत अचूक येतं. थकबाकीदारांनी नोंद घ्यावी.