आबांच्या गुडघ्यातला किडा

आबांचा डावा गुडघा सुजला आणि त्याच्या मदतीला रेशीमकिडा धावून आला. नळदुर्गात किल्ल्यातल्या उपळ्या बुरुजाच्या पायऱ्यांनी आजवर इतके गुडघे खाल्ले, पण किडा बोलावण्याची वेळ कधी आली नव्हती.

चिठ्ठीवर गोळी एक, औषधं तीन. ॲसिक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि सेराशिओपेप्टिडेज. पहिल्या दोघांशी आमचं भांडण नाही. तिसरा पाहुणा म्हणजे रेशीमकिड्याच्या आतड्यातल्या जिवाणूकडून मिळालेलं विकर. कोष विरघळवून पतंगाला वाट करून देतं, अशी त्याची ख्याती. आबांच्या गुडघ्यात कोण कोंडलंय, हे डॉक्टरांना विचारणार होतो. पण मागं नंबर लावून तेवीस गुडघे बसले होते.

बरं, हे पडलं प्रथिन. पोटात गेलं की तूरडाळीची गत तीच याची. म्हणून गोळीला लेप चढवून आतड्यापर्यंत पोचवायचं. तिथून यानं रक्तात शिरायचं, वाट विचारत खाली उतरायचं, उजव्या गुडघ्याला रामराम घालून डाव्यात मुक्काम करायचा. हे सापडलं जपानात. तिथंच 2011 साली बाजारातून मागं घेतलं, कारण चाचणीत ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरेना. आमच्या चिठ्ठीवर मात्र अजून ठाण मांडून आहे.

आता खरी गोम. आबांची एकरभर तुती आहे, तिच्यावर ते रेशीमकिडे पोसतात. कोष वेळेत विकले नाहीत तर पतंग भोक पाडून बाहेर पडतो, धागा तुटतो, भाव मातीत जातो. त्या पतंगाला आबा घालतात त्या शिव्या छापता येत नाहीत. आणि त्याच भोकाचा अर्क आता पैसे मोजून गिळायचा! दवाखान्याच्या भिंतीवर ‘औषधखर्च कमी करा’ असा फलक आहे. कुणी करायचा? आबांनी? चिठ्ठी काय आबा लिहितात? 2023 च्या ऑगस्टात डॉक्टरांसाठी ‘कंपनीचं नको, औषधाचं मूळ नाव लिहा’ असा नियम आला आणि तीन आठवड्यांत स्थगित झाला. अंड्यातून निघालेली अळी कोष विणायला बसेपर्यंतसुद्धा तो जगला नाही.

मेडिकलच्या काउंटरवर आबांनी पट्टी उजेडात धरली.

“किड्याचं किती हाय ह्यात?”

“पंधरा मिलिग्रॅम, आबा.”

आबांनी मनाशी हिशेब केला.

“मग कोष घेऊन रामनगरच्या बाजाराला कशाला मरायचं? पुढली खेप हितंच घालतो. काटा हाय का तुमच्याकडं?”