गाडीला हुकूम सोडणारे गृहस्थ

गाडीला हुकूम सोडणारा गृहस्थ मीरा-भाईंदरच्या नव्या वस्तीत आढळतो. वय पस्तीस ते पंचावन्न. हाटकेश, कनकिया, बेव्हर्ली पार्क, शांतीनगर आणि भाईंदर पश्चिम हा त्याचा मुख्य टापू. गाडी टॉप मॉडेल असते आणि तिचे हप्ते चालू असतात. त्याला ओळखायची खूण सोपी आहे. गाडीत एकटा असला तर तो गप्प असतो. शेजारी किंवा मागे कोणी बसले, की गोल्डन नेस्टचा सिग्नल येण्याच्या आत तो स्टिअरिंगवरचे एक बटण दाबतो, मान किंचित वर करतो आणि छताशी बोलू लागतो.

छताशी बोलण्याला शास्त्रीय आधार आहे. बहुतेक गाड्यांत मायक्रोफोन आतल्या आरशाच्या वर, दिव्याच्या शेजारी बसवलेला असतो. बटण दाबले की ‘टुंग’ असा आवाज होतो, गाणे आपोआप थांबते आणि पुढची काही सेकंदे गाडी लक्ष देऊन ऐकते. जे ऐकू आले त्यातून ती इंजिनाची घरघर, ए.सी.चा वारा आणि टायरांचा आवाज शक्य तितका वजा करते. उरलेल्या आवाजाचे शब्द करते, शब्दांवरून बोलणाऱ्याला काय हवे आहे ते ठरवते आणि गाडीभर फिरणाऱ्या तारांच्या जाळ्यातून तसा निरोप काचेच्या किंवा सनरूफच्या मोटरला धाडते. या सगळ्याला काही सेकंद लागतात. हाताने बटण दाबून तेच काम क्षणात होते; पण हाताने दाबलेले बटण मागच्या सीटवरून कोणाला दिसत नाही. या गृहस्थाच्या अभ्यासात हा मुद्दा मध्यवर्ती आहे. हुकूम गाडीला असतो, ऐकवायचा मात्र मेव्हण्याला.

वाहनाशी बोलण्याची चाल मराठी मुलखात जुनी आहे. बैलगाडी हाकणारा जीभ टाळूला लावून चकचक करी, ‘हो हो’ म्हणून थांबवी, आणि बैलाला वळणही तोंडाने सांगे. मोटार आली तेव्हा हे संभाषण तुटले. मोटारीला ऐकू येत नव्हते, त्यामुळे चालवणाऱ्याची सगळी वाणी शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या चालवणाऱ्याकडे वळली. फोर्डने मायक्रोसॉफ्टच्या मदतीने ‘सिंक’ ही तोंडी हुकूम ऐकणारी यंत्रणा अमेरिकेत २००७ साली आणली आणि भारतात ती २०१३ च्या इकोस्पोर्टमधून दिसली. तेव्हा ठरलेली इंग्रजी वाक्ये ठरलेल्या क्रमाने म्हणावी लागत. २०१९ च्या मे महिन्यात ह्युंदाईची व्हेन्यू आणि जूनमध्ये एमजीची हेक्टर आली. हेक्टरच्या अंगावर ‘इंटरनेट इनसाइड’ अशी पाटीच होती आणि ‘हॅलो एमजी’ अशी हाक मारली की ती ओ देत असे. २०२१ मध्ये हेक्टर हिंदीमिश्रित इंग्रजी समजू लागली आणि त्याच वर्षी चाकणच्या एक्सयूव्ही७०० मध्ये अलेक्सा येऊन बसली. २०२३ मध्ये टाटांच्या हॅरियर आणि सफारी सहा भाषांतले हुकूम घेऊ लागल्या. त्या सहांत मराठीही होती.

ही हौस मीरा-भाईंदरमध्येच एवढी का फोफावली, याचे उत्तर शहराच्या वाढीत सापडते. येथे महानगरपालिका झाली २००२ साली. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५ लाख २० हजारांच्या आसपास होती, ती २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर गेली. नव्याने आलेल्यांत गिरगाव-परळच्या चाळींतून मोठ्या जागेसाठी सरकत सरकत आलेली पुष्कळ कुटुंबे होती. त्यांतला कर्ता पुरुष सकाळी चर्चगेट लोकलमध्ये ‘जरा आत सरका’ असे रोज सांगत आला आणि कोणी सरकले नाही. कचेरीत साहेबाचे ऐकायचे, घरी घरच्यांचे. सोसायटीच्या वार्षिक सभेत त्याने मांडलेला गच्चीच्या गळतीचा ठराव दरवर्षी वेळेअभावी पुढच्या सभेकडे जातो. अशा माणसाला शोरूममधला पोरगा सांगतो, “सर, आप बस बोलो, गाडी सुनेगी.” गाडीची निवड त्या क्षणी झालेली असते, मायलेजची चौकशी नंतर केवळ रीत म्हणून होते.

पहिला हुकूम गाडी ताब्यात घेण्याच्या दिवशी, हार-नारळ झाल्यावर आणि चाकांखाली लिंबे ठेवून झाल्यावर सोडला जातो. तो नेहमी सनरूफचा असतो. छत सरकते, मुले वर डोके काढतात, सोसायटीचा वॉचमन टाळी देतो. पुढे मुख्य रस्त्याला लागल्यावर तोच हुकूम पुन्हा सोडला, तर उघडलेल्या छतातून आभाळाऐवजी मेट्रो ९ च्या पुलाचा तळ दिसतो आणि त्याबरोबर आत धूळ येते. मग “सनरूफ बंद” हा दुसरा हुकूम जन्माला येतो. त्याच्या स्वरात पहिल्याइतका ऐटबाजपणा नसतो.

या गृहस्थाचे हुकूम पाच वर्गांत मोडतात: हवेचे, काचेचे, गाण्याचे, रस्त्याचे आणि फोनचे. हवेचे हुकूम सर्वांत यशस्वी ठरतात. नव्या गाड्यांना ‘थंडी वाजते’ एवढे म्हटले तरी पुरते. त्या आपण होऊन ए.सी. कमी करतात. काही गाड्या आवाज डावीकडून आला की उजवीकडून हेही ओळखतात आणि ज्याची तक्रार त्याच्याच बाजूचा वारा बदलतात. डावीकडे बसलेल्या पत्नीचे म्हणणे इतक्या तत्परतेने अमलात येताना पाहून गृहस्थ पुढच्या वेळी बटण दाबण्यापूर्वी विचार करतो.

काचेच्या हुकुमांना पूर्वी दहिसरच्या टोलनाक्यावर शोभा होती. रांगेत उभे राहून “ड्रायव्हर विंडो ओपन” म्हणण्यात एक रुबाब होता, फास्टॅगमुळे काच उघडण्याची गरज नसली तरी. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांचा टोल उठला आणि रुबाबाची ती जागा गेली. आता काच भुट्टेवाल्यासमोर उघडली जाते.

गाण्याच्या हुकुमांत एक घोटाळा कायम होतो, कारण अशा गाडीत आज्ञाधारक एक नसून दोन असतात. एक गाडीचा स्वतःचा आणि दुसरा तिला जोडलेल्या फोनमधला. फोनमधल्या गूगल असिस्टंटला २०१८ पासून मराठी येते. तो गाणे लावतो, रस्ता शोधतो, फोन जोडतो, पण ए.सी. आणि काच त्याच्या हद्दीत येत नाहीत. ती खाती गाडीकडे असतात. बटण थोडा वेळ दाबले तर एक जागा होतो, जास्त वेळ दाबले तर दुसरा. गृहस्थाला हे माहीत असते; घाईत कोण जागा झाला ते मात्र कळत नाही. त्यामुळे “खिडकी उघड” असे दरडावून सांगितल्यावर पडद्यावर भाईंदर पूर्वेतल्या स्लायडिंग खिडक्या बसवून देणाऱ्या दुकानांची यादी येते, अंतरासह.

रस्त्याच्या हुकुमांत “घरी चल” हा सर्वांना आवडणारा हुकूम आहे, कारण रस्ता माहीत असल्याने चूक झाली तरी निभावते. उत्तन, चौक, गोराई अशा रविवारच्या ठिकाणांची नावे गाडी दोन-तीन प्रयत्नांत ओळखते. वसईचे नाव घेतले की मात्र वाद पेटतो. गाडी महामार्गाने वर्सोवा पुलावरून न्यायला तयार असते, आणि मेव्हणा फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झालेल्या भाईंदर-वसई रो-रो बोटीची आठवण करून देतो. यंत्र आणि मेव्हणा एकाच वेळी बोलू लागले की गृहस्थ उजवीकडे वळायचे विसरतो.

फोनचे हुकूम सर्वांत उपयोगी आणि सर्वांत धोक्याचे. “दादाला फोन लाव” म्हटले की गाडी मोठ्याने विचारते: दादा, दादा नवीन, दादा जिओ की दादा ऑफिस? हे चौघेही एकच असल्याचे तिला समजावता येत नाही. शिवाय माणूस फोनमध्ये नावे स्वतःपुरती साठवतो आणि गाडी ती चारचौघांत वाचते. साहेबांना लिफ्ट दिलेली असताना आलेला फोन ‘लोनवाला उचलू नये’ अशा नावाने स्पीकरवरून जाहीर झाल्याने अनेकांची इभ्रत काशिमीरा नाक्यावर उतरली आहे.

भाषेच्या बाबतीत हा गृहस्थ मनाने मराठी आणि सेटिंगने इंग्रजी असतो. शोरूममध्ये हुकूम इंग्रजीत शिकवलेले असतात आणि गाडीशी इंग्रजीत बोलण्यात विमान उतरवल्याचा भास होतो. जुलै २०२५ मध्ये मीरा रोडला मराठीच्या प्रश्नावर मोर्चा निघाला, त्यानंतर या जातीत एक पोटजात तयार झाली. ती दुकानात मराठीचा आग्रह धरून बाहेर येते आणि गाडीत बसताच “सेट टेम्परेचर ट्वेंटी टू” म्हणते. कोणी हे दाखवून दिले, तर सेटिंग बदलली जाते. मग असे आढळते की गाडीची मराठी सरकारी परिपत्रकाच्या वळणाची आहे आणि गृहस्थाची मराठी ‘ए.सी. जरा लो कर ना’ या वळणाची. दोघांनाही एकमेकांसाठी थोडी शुद्ध भाषा शिकावी लागते. रागावल्यावर मात्र गृहस्थ थेट मातृभाषेत जातो; त्या शब्दांना कोणत्याही कंपनीने हुकूम म्हणून मान्यता दिलेली नाही.

या कलेचे शत्रू पुष्कळ आहेत. पावसाळ्यात टपावर कोसळणारी सर, मागच्या रिक्षाचा हॉर्न आणि विसर्जनाचे ढोल यांपुढे मायक्रोफोन हात टेकतो. त्याहून मोठा अडथळा गाडीतल्या हितचिंतकांचा. गृहस्थ बटण दाबतो न दाबतो तोच “हळू बोल”, “इंग्लिशमध्ये सांग”, “आधी टुंग वाजू दे” असे सल्ले येतात आणि गाडी त्या सगळ्यांचा मिळून एक हुकूम समजून माफी मागते. माफी बाईच्या आवाजात असते. मागे बसलेली आजी म्हणते, “अरे, किती ओरडशील त्या पोरीवर?” आणि पत्नी म्हणते, “अहो, बटण समोरच आहे. हाताने करा ना.” हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात याच शब्दांत ऐकू येते.

गाडी आणि गृहस्थ यांच्या संबंधांत चार अवस्था दिसतात. पहिली आर्जवाची: हुकुमाआधी ‘प्लीज’ आणि नंतर ‘थँक्यू’. दुसरी आज्ञेची: शब्द मोजके, स्वर पोलीस निरीक्षकाचा. तिसरी आरड्याओरड्याची: तेच शब्द, अक्षर अक्षर तोडून. तिचा फायदा होत नाही, कारण यंत्र नेहमीच्या बोलण्यावर शिकवलेले असते आणि तोडून ओरडलेले शब्द त्याला अधिकच परके वाटतात. चौथी अवस्था अबोल्याची. कनेक्टेड सेवेची फुकट मुदत संपून वर्गणीचा मेसेज येतो, त्याच सुमारास ती सुरू होते.

कायदा या गृहस्थाच्या बाजूने आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर हातात फोन धरून गाडी चालवणे धोकादायक वाहनचालनात मोडते. १ ऑक्टोबर २०२० पासून फक्त रस्ता पाहण्यापुरती त्याला मुभा आहे. तोंडी हुकुमाला बंदी नाही. संशोधन मात्र तितके उदार नाही. अमेरिकेतील एएए फाउंडेशनसाठी युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हुकूम देऊन झाल्यावरही चालकाचे मन सत्तावीस सेकंदांपर्यंत विचलित राहू शकते असे आढळले. ताशी ४० किलोमीटर वेगाने तेवढ्या वेळात गाडी ३०० मीटर जाते. संध्याकाळी गोल्डन नेस्टच्या चौकात ती तेवढ्या वेळात जागची हलत नाही, म्हणून शहरात या कलेपासून फारसा अपाय झालेला दिसत नाही. घोडबंदरच्या मोकळ्या रस्त्यावर तो होऊ शकतो.

हुकुमाची हद्दही ठरलेली आहे. ब्रेक, वेग आणि स्टिअरिंग यांना तोंडी हुकूम लागू होत नाही. सुरक्षिततेसाठी ते मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात. म्हणजे गाडी ऐकते ती वारा, काच, गाणी अशा गोष्टींपुरती. पुढची रिक्षा, खोदलेला रस्ता आणि आपल्या जागेत लावलेली शेजाऱ्याची स्कूटर हे विषय पूर्वीसारखेच हॉर्नकडे राहतात.

शेवटचा मुद्दा वारशाचा. गाडीला शब्द स्पष्ट लागतो. तो घरातल्या कोणाचा आहे याची ती फिकीर करत नाही. गृहस्थ अबोल्याच्या अवस्थेत असताना चौथी-पाचवीतली मुलगी स्टिअरिंगकडे हात लांबवून बटण दाबते, टुंग वाजू देते, साध्या आवाजात एकदाच सांगते आणि काम होते. काही आठवड्यांत गाणे, गारवा आणि छत तिच्याकडे जाते. रविवारी कुठे जायचे तेही तीच पडद्याला सांगते. त्यानंतर गाडीत दोन आज्ञाधारक असतात: एक गाडी आणि दुसरा ती चालवणारा.